नानांचा कागद वाचायचा कुणी? आरोग्यमंत्र्यांना नाशिकहून खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि ज्या ज्या टेबलावरून हे पत्र पुढे सरकेल तिथले सर्व अधिकारी

सादर नमस्कार.

मी नाशिकरोडची. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. माझे वडील, नाना, प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला ‘प्रेसमध्ये’ एवढं पुरतं; आपल्यासाठी फोड करून सांगते, नोटा छापतात ती प्रेस. छापून आलेले मोठाले कागद नजरेखालून घालायचे, शाई फुटलेली किंवा रेघ सरकलेली दिसली की तो कागद बाजूला काढायचा, हे त्यांनी नोकरीभर केलं. अंगठ्याने कोपरा उचलायचा, कागद सरकवायचा, पुन्हा कोपरा. निवृत्तीनंतर वीस वर्षांनीही पेपर वाचताना अंगठा तसाच चालायचा.

या माणसाने स्वतःच्या मरणाबद्दल एक कागद करून ठेवला होता. तो कुणी वाचला नाही, म्हणून हे पत्र.

डिसेंबर 2023 मध्ये नानांच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला. निघाला तेव्हाच तो मणक्यात उतरलेला होता. वय 81. दोन केमो घेतल्या आणि तिसरीच्या आदल्या दिवशी म्हणाले, “पुरे. तुझ्या आईचे शेवटचे पंधरा दिवस मी काचेतून पाहिलेत. मला तसं नको.” सुप्रीम कोर्टाच्या निकालांची कात्रणं त्यांच्याकडे होतीच. एक 9 मार्च 2018 चं, ज्यात पाच न्यायमूर्तींनी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये धरला. दुसरं 24 जानेवारी 2023 चं, ज्यात त्या हक्काची वाट जरा सोपी झाली. आधी वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवणारा कागद, करायचं तर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. पुढे 31 मे 2024 ला गोव्यात हायकोर्टाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र नोंदवलं. तीही बातमी नानांनी कापून ठेवली. “न्यायाधीश करतोय म्हणजे आपल्याला हरकत नाही,” म्हणाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात मला घेऊन सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या जुन्या बसस्थानकाकडे, कोर्टापाशी निघाले.

तिथल्या टायपिस्टने ‘इच्छापत्र’ हा शब्द ऐकला आणि सरावाने विचारलं, “मिळकत काय काय? वारस किती?” नाना म्हणाले, “मिळकत एकच, हे शरीर. वारस कुणी नको.” टायपिस्ट हसला नाही, लिहून घेऊ लागला. मसुद्यात नानांनी सात चुका काढल्या आणि सगळं पुन्हा टाइप करायला लावलं. मजकूर साधा होता. बरं होण्याची आशा उरली नसेल तर घशात नळी, व्हेंटिलेटर, छाती दाबणं यातलं काही करू नये. वेदना मात्र थांबवाव्यात, त्यासाठी लागेल ते औषध द्यावं. या दुसऱ्या वाक्याखाली त्यांनी स्वतःच्या पेनाने रेघ ओढली.

आता तक्रारी मांडते. क्रम माझ्या रागाचा आहे, कायद्याचा नाही. आणि कुठल्याही रुग्णालयाचं किंवा कचेरीचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं तर त्या एकाची चौकशी लागेल, दोन नोटिसा निघतील आणि विषय मिटला असं सगळ्यांना वाटेल.

पहिली तक्रार नोंदीची. कोर्टाच्या निकालाप्रमाणे या पत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जपून ठेवायची असते. आम्ही एका कचेरीत गेलो. तिथला कारकून भला होता, पण त्याला खरंच काही माहीत नव्हतं. त्याने वरच्या मजल्यावर पाठवलं, वरच्यांनी खाली. शेवटी कुणीतरी आम्हाला जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर उभं केलं. खिडकीतल्या बाईंनी आमचा कागद न बघता रजिस्टर उघडलं आणि विचारलं, “मयताचं नाव?” नाना पुढे झाले, स्वतःचं नाव सांगितलं. “मृत्यूची तारीख?” नाना म्हणाले, “अजून ठरायचीय.” बाईंनी वर बघितलं, आणि मग आम्ही तिघंही हसलो. पोच मात्र मिळाली नाही.

मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात जनहित याचिका केल्यावर राज्याने ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले, हे मी नंतर वाचलं. चांगलंच झालं. पण नेमलेला माणूस ज्याचा त्याने शोधायचा असेल, तर ती नेमणूक फाइलीपुरती. आणि समजा तो सापडला, कागद त्याच्या कपाटात सुखरूप पोचला, तरी पहाटे चार वाजता आयसीयूतल्या डॉक्टरने तो बघायचा कसा?

पहाटे चार मी उगाच म्हणत नाही. गेल्या श्रावणात रात्री अडीचला नानांचा दम वाढला. ते इंदिरानगरला माझ्या धाकट्या भावाकडे होते. भाऊ घाबरला, त्याने 108 ला फोन केला, रुग्णालयात पुढे आलेल्या फॉर्मवर सही केली आणि नळी पडली. भावाला मी बोल लावत नाही. बाप डोळ्यांदेखत काळानिळा पडत असताना कपाटातलं फोल्डर कोणता मुलगा शोधेल? मी सकाळी सहाला पोचले, फोल्डर घेऊन. तोवर नाना काचेपलीकडे होते.

दुसरी तक्रार मंडळांची. निकालात सगळं लिहिलेलं आहे. रुग्णालयाने आधी स्वतःचं मंडळ बसवायचं: उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. उपचार थांबवावेत असं त्यांचं मत पडलं की दुसरं मंडळ. त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला, सोबत दोन नवे तज्ज्ञ. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं, आणि अंमल करण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं. कळवायचं, परवानगीची वाट बघत बसायचं नाही.

हे मी तिथल्या डॉक्टरांना गणिताच्या बाईसारखं पायरीपायरीने सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर असेल. पण आमच्याकडे असं कधी झालेलं नाही. उद्या पोलीस आले तर माझ्याकडे येतील, तुमच्याकडे नाही.” आधी राग आला. मग वाटलं, हा माणूस खोटं बोलत नाहीये. दुसऱ्या मंडळासाठी फोन कुणाला करायचा हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी तीन दिवस विचारत फिरले. शेजारच्या कर्नाटकाने जानेवारी 2025 मध्ये आदेश काढून, मंडळावरचे डॉक्टर कुणी आणि कसे नेमायचे हे आपल्या आरोग्य यंत्रणेला सांगून टाकलं. केंद्राने सप्टेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक सूचनांचा मसुदा काढला तेव्हा मीही दोन पानी हरकत पाठवली होती. नाना जिवंत होते तेव्हा. त्यांनी तीही तपासून दिली होती.

तिसरी तक्रार मला लिहायला सगळ्यांत जड जाते.

पाचव्या दिवशी नाना शुद्धीवर होते. डोळे उघडे, ओळख पक्की. दोन्ही मनगटं गॉजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेली. नळी ओढतात म्हणून. उजवा अंगठा चादरीच्या काठावर चालला होता. कोपरा उचल, सरकव, कोपरा उचल, सरकव. भेटीची वेळ दहा मिनिटांची, त्यातली चार गेलेली. मी सिस्टरना विनवलं. त्यांनी इकडेतिकडे बघून उजवी पट्टी सोडली, म्हणाल्या, “दोनच मिनिटं हं ताई.” औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर नानांनी लिहिलं. अक्षरं उतरणीला लागलेली, पण शुद्धलेखन बिनचूक: ‘कागद दाखवलास का?’

साहेब, शुद्धीवर असलेल्या माणसाला इच्छापत्राचीही गरज नसते. त्याचा नकार हाच त्याचा कागद. पाच दिवसांत त्यांना विचारलं कुणी? फाइलमध्ये दर तासाचं बीपी होतं, ऑक्सिजन होता, लघवी मिलिलिटरमध्ये मोजलेली होती. पुढे बिल आलं त्यात ग्लोव्हजच्या 112 जोड्या मोजलेल्या होत्या. वेदना किती, याचाही रकाना फाइलमध्ये छापलेला होता, शून्य ते दहा. तो अकरा दिवस कोरा राहिला. हात बांधल्याची नोंद कुठेच नव्हती.

इथे सरकार येतं. महाराष्ट्रात खासगी रुग्णालयांची नोंदणी शुश्रूषागृह कायद्याखाली होते. 2021 च्या जानेवारीत आपण त्याचे नियम सुधारले, रुग्ण हक्कांची सनद आणली, दरफलक लावायला लावले, बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं. चांगले नियम आहेत, मी वाचलेत. ती सनद त्या रुग्णालयातही भिंतीवर होती, लिफ्टशेजारी, औषध कंपनीच्या कॅलेंडरमागे अर्धी झाकलेली. माझी मामेबहीण सटाण्याकडे छोटं रुग्णालय चालवते. तिने मला नोंदणीच्या नूतनीकरणाची फाइल दाखवली. जैविक कचरा, अग्निशमन, खाटांमधलं अंतर, सगळं होतं, असायलाच हवं. रुग्ण मरणाच्या वाटेवर असताना त्याला काय हवं होतं आणि त्याचं ऐकलं गेलं का, असा प्रश्न तिला आजवर कुठल्याच तपासणीत कुणी विचारलेला नाही. मेलेल्या माणसाच्या देहाची काळजी नियमात आली, मरत असलेल्याची तपासणीत आली नाही.

चौथी गोष्ट ‘डामा’. रुग्णालयात वावरलेल्या प्रत्येकाला हा शब्द माहीत असतो. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णाला नेत आहोत, असं लिहून द्यायचा फॉर्म. नवव्या दिवशी नळी निघाली होती, अकराव्या दिवशी दम पुन्हा वाढला. आता गळ्याला छेद घेऊन नळी बसवू म्हणाले. आम्ही दोघा भावंडांनी नको म्हटलं, नानांनी मान हलवून नको म्हटलं, आणि लगेच डामाचा फॉर्म पुढे आला. म्हणजे नानांनी जे नोटरीपुढे मागितलं होतं ते त्यांना मिळालं, पण आमच्या अपराधाचा कबुलीजबाब म्हणून. डामावर सही झाली की सगळ्यांचे हात मोकळे. औषध नाही, नर्स नाही, रात्री फोन करायला नंबर नाही. नाशिकमध्ये दिंडोरी, पेठ, सुरगाण्याहून आलेली किती माणसं अशी सही करून शेवटचे तास ॲम्ब्युलन्समध्ये काढतात, हे आपण एकदा मोजायला लावा. उपचार परवडत नाहीत म्हणून नेलेली वेगळी मोजा, इच्छा म्हणून नेलेली वेगळी.

घरी नाना 31 तास होते.

मणक्यातलं दुखणं काय असतं ते मी वर्णन करत नाही. त्यांनी ज्या वाक्याखाली रेघ ओढली होती ते वाक्य त्या 31 तासांसाठी होतं. मॉर्फिनसाठी, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनेवरच्या औषधासाठी, मी चौदा मेडिकलवाल्यांना फोन केले. बहुतेकांनी “मॉर्फिन?” एवढंच विचारून फोन ठेवला. एक म्हणाला, “ताई, असलं आम्ही ठेवत नाही. पोलिसांचं लफडं असतं.” 1985 च्या अमली पदार्थ कायद्याने हे औषध कुलपात गेलं, हे खरं. पण 2014 मध्ये संसदेने तोच कायदा दुरुस्त केला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन धरून सहा औषधं अत्यावश्यक ठरवली, परवान्यांची माळ काढून टाकली, आणि रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी केली. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, गोळी काही रुपयांना पडते. आमच्या इंदिरानगरात ती आली नाही. रात्री आमचे जुने फॅमिली डॉक्टर स्कूटरवर आले आणि त्यांच्या बॅगेत होतं ते इंजेक्शन त्यांनी दिलं. थोडा उतार पडला. पैसे घेतले नाहीत.

केरळने 2008 मध्ये उपशामक सेवेचं, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेचं, धोरण केलं. आज तिथे पंचायतीची नर्स घरी येऊन जखमा धुते, गोळ्या देते. महाराष्ट्राचं धोरण 2012 चं. आयुष्मान आरोग्य मंदिरात ज्या बारा सेवा मिळायच्या आहेत त्यांत वृद्धांची आणि उपशामक सेवा आहेच. राज्यातल्या बहुतेक डॉक्टरांच्या पदव्यांवर ज्याचा शिक्का असतो ते आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर आमच्या म्हसरूळला आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

अमरधामात मात्र सगळं चोख. लाकडं पालिकेच्या योजनेतून मोफत मिळाली, माणूस नम्र होता, पावती पाच मिनिटांत हातात आली. पावती बघून माझा भाऊ पहिल्यांदा रडला.

एक गैरसमज आधीच दूर करते. माणसं लवकर मरावीत यासाठी मी लिहीत नाहीये. माझी आत्या नानांहून दोन वर्षांनी मोठी होती आणि तिचं म्हणणं अगदी उलट होतं: जे जे करता येईल ते करा, मला नातसून बघायचीय. तिच्यासाठी शेवटपर्यंत सगळं केलं, आणि ते योग्यच होतं. सात-बाऱ्यावर डोळा ठेवून म्हाताऱ्याचा उपचार थांबवणारी पोरंही या जिल्ह्यात असतील, मी काही भाबडी नाही. म्हणूनच तर पहारा हवा. आत्याचं ‘करा’ आणि नानांचं ‘नको’ सारख्याच वजनाने लिहिलं जावं, आणि लिहिलं तसं झालं का हे घरच्यांनी नाही, रुग्णालयानेही नाही, तिसऱ्याने तपासावं.

मागण्या थोड्या आहेत. पैशापेक्षा पत्रकंच जास्त लागतील.

इच्छापत्र स्वीकारणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याचं पद, टेबल, वेळ आणि फोन कचेरीच्या दारावर मराठीत लावा. कागद घेतला की क्रमांकासह पोच द्या, आणि त्या क्रमांकावरून रुग्णालयाला रात्री-बेरात्री तो कागद बघता येईल अशी सोय करा. 2023 च्या निकालातही रुग्णाच्या डिजिटल नोंदीत तो ठेवायला मोकळीक आहे.

दुसऱ्या मंडळासाठी प्रत्येक जिल्ह्यात डॉक्टरांची यादी आधीच तयार ठेवा, रविवार आणि दिवाळी धरून. कायद्याप्रमाणे वागणाऱ्या डॉक्टरच्या पाठीशी विभाग उभा राहील, हे लेखी कळवा. त्यांची भीती खरी आहे.

रुग्णालयांच्या तपासणी पत्रकात चार प्रश्न घाला. रुग्णाला त्याची इच्छा विचारून नोंदवली का? वेदनेचा रकाना भरला जातो का? हात बांधले तर कुणाच्या हुकमाने, किती वेळ? आणि डामावर गेलेल्या मरणासन्न रुग्णासोबत कोणतं औषध, कोणाचा फोन नंबर दिला? उत्तरं कोरी असतील तर नूतनीकरण अडवा, जसं अग्निशमनाच्या दाखल्यासाठी अडवता. वर्षातून एकदा ही उत्तरं जिल्हावार जाहीर करा.

प्रत्येक तालुक्यात मॉर्फिन मिळण्याचं निदान एक ठिकाण करा आणि त्याचा पत्ता आशाताईंना माहीत असू द्या. सुरगाण्याच्या माणसाला गोळीसाठी नाशिकला यावं लागत असेल तर तो येणारच नाही, कण्हत पडेल.

सिंहस्थाच्या तयारीत सध्या सगळी यंत्रणा गुंतली आहे, हे नाशिककर म्हणून रोज बघते. रस्ते खणलेत, घाट होतायत. मी मागतेय ते एका बैठकीत होण्यासारखं आहे.

माझं स्वतःचं पत्र तयार आहे. नानांच्या वेळी स्टॅम्प पेपर शंभराचा होता, आता पाचशेचा लागला. टायपिस्ट तोच. त्याने मला ओळखलं, मिळकत विचारली नाही. सोमवारी सकाळी साडेदहाला ते पत्र घेऊन मी पुन्हा त्याच कचेरीत जाणार आहे. पोच देणारा माणूस कोणत्या टेबलावर बसतो, एवढं तोवर ठरवा.

आपली,
नानांची मुलगी
नाशिकरोड